संगणकाचे घड्याळ आणि अधिकारांची कुलुपे



ग्रामपंचायत असो, शाळा असो वा तहसील कार्यालय असो, टेबलावरचा संगणक आज नोंदवही, शिक्का आणि कपाट या तिघांचेही काम करतो. अशा यंत्रासमोर एखाद्या सकाळी कर्मचारी बसतो आणि रोजचे संकेतस्थळ उघडण्याऐवजी 'ही जोडणी सुरक्षित नाही' अशी सूचना पडद्यावर येते. दाखल्यासाठी आलेला ग्रामस्थ खोळंबतो. दोष इंटरनेटला दिला जातो, किंवा सूचना डावलून पुढे जाण्याचा मोह होतो. अशा वेळी प्रथम पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहावी. तेथे कित्येक वर्षांपूर्वीचे साल दिसले, तर रोगाचे मूळ सापडले असे समजावे.

चुकीच्या तारखेने सुरक्षितता का बिघडावी? सुरक्षित संकेतस्थळ आपली ओळख पटविण्यासाठी एक प्रमाणपत्र सादर करते. ते कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंत ग्राह्य आहे, हे त्यावर नमूद असते. ही मुदत संगणक स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळच मागे गेले, तर खरे प्रमाणपत्रही त्याला अद्याप अमलात न आलेले वाटते. मध्यवर्ती सर्व्हरला जोडलेल्या विंडोज संगणकांत तर ५ मिनिटांहून अधिक तफावतही प्रवेश नाकारला जाण्यास पुरेशी होऊ शकते. संशय मात्र कर्मचाऱ्याच्या पासवर्डवर घेतला जातो.

बिघाड कोणता, हे चुकीच्या प्रमाणावरून ओळखता येते. वीजपुरवठा पूर्ण बंद ठेवल्यानंतर तारीख वारंवार मागे जात असेल, तर मदरबोर्डवरील बटणाच्या आकाराची बॅटरी संपली असण्याची शक्यता अधिक. बहुतेक संगणकांत ती सीआर २०३२ या क्रमांकाची, ३ व्होल्टची असते. संगणक बंद करून, तार भिंतीतून काढून, अधिक चिन्हाची बाजू ध्यानात ठेवून ती बदलावी. जुनी बॅटरी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. ती गिळली गेल्यास जिवावर बेतू शकते. चूक नेमकी साडेपाच तासांची असेल, तर टाइम झोन तपासावा. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. काही मिनिटांचीच चूक असेल, तर इंटरनेटवरून वेळ जुळविण्याची सोय बंद पडली आहे काय, ते पाहावे. ही प्रमाणवेळ नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते. 'सर्ट-इन'च्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी शासकीय संस्थांनाही आपल्या संगणक यंत्रणा या प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या वेळेशी जुळविण्यास सांगितले आहे.

येथे दुसरी अडचण पुढे येते. कर्मचारी वेळ बदलू पाहतो आणि विंडोज संगणक 'परवानगी नाही' असे उत्तर देतो. हा बिघाड नव्हे. साध्या खात्याला टाइम झोन बदलता येतो. प्रत्यक्ष वेळ बदलण्याचा अधिकार मात्र प्रशासकाच्या खात्याकडे राखलेला असतो. त्यास कारण आहे. नोंद कोणत्या दिवशी झाली, अर्ज मुदतीत आला की नाही, याचा पुरावा तारखेतच असतो. ज्याला घड्याळ फिरविता येते, त्याला हा पुरावाही फिरविता येतो.

तथापि या अडथळ्याला कंटाळून काही कार्यालयांत प्रशासकाचा पासवर्ड भिंतीवर चिकटविला जातो, किंवा सर्व फोल्डरांवर सर्वांना पूर्ण अधिकार देऊन टाकले जातात. एका कुलपासाठी घराची सारी दारे काढून टाकण्यासारखेच हे आहे. विंडोज नव्याने बसविल्यावर जुने फोल्डर उघडत नाही, असा अनुभव येतो. खात्याचे नाव तेच असले, तरी त्याचा अंतर्गत ओळखक्रमांक नवा असतो. म्हणून संगणक त्याला परका समजतो. अशा वेळी प्रशासकाने त्या फोल्डरची मालकी घ्यावी आणि ज्याला केवळ वाचावयाचे आहे त्याला वाचण्याचा, ज्याला बदल करावयाचे आहेत त्याला बदलाचा, एवढाच अधिकार द्यावा.

म्हणून क्रम ध्यानी ठेवावा: आधी तारीख, मग टाइम झोन, मग मिनिटे आणि शेवटी अधिकार. वेळ अचूक असूनही सुरक्षिततेची सूचना कायम राहिली, तर ती डावलू नये. दोष संकेतस्थळाचा असू शकतो, अथवा मध्ये कोणी लबाडीही करीत असेल. प्रशासकाचा पासवर्ड जबाबदार व्यक्तीकडे असावा आणि तिच्या गैरहजेरीत तो कोणाकडे, हेही लेखी ठरलेले असावे. एवढी शिस्त पाळली, तर दाखल्यासाठी आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परतावे लागण्याचे एक कारण दूर होईल आणि त्याच्या हाती पडणाऱ्या कागदावरील तारखेवर त्याला विश्वास ठेवता येईल.