बी तेच, जमीन वेगळी



त्वचेचा कर्करोग पसरला की आपण डॉक्टर बोट दाखवतो ते पेशीकडे. कोणते जनुक बिघडले आणि पेशी किती वेगाने विभागते आहे, एवढे समजले की रोगाचा स्वभाव कळला असे आपण धरून चालतो. मला आज दुसरी बाजू मांडायची आहे. पेशी पुढे सरकेल की जागीच अडून राहील, हे अवतीभवतीची त्वचा आणि तिथल्या प्रतिकारपेशीही ठरवतात. रोजच्या कामात मात्र आपण त्यांची दखल फारशी घेत नाही.

हा विचार जुना आहे. 1889 साली लंडनच्या स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या 735 रुग्णांच्या नोंदी चाळल्या. दुय्यम गाठी यकृतात भरपूर आणि प्लीहेत विरळ का, याचे उत्तर त्यांनी पेशी म्हणजे बी आणि अवयव म्हणजे जमीन या उपमेने दिले. पुढे जेम्स युइंग यांनी हे खोडून काढले. त्यांचे म्हणणे असे की रक्त आणि लसीका जिकडे नेतील तिकडे पेशी जातात, यात जमिनीचा काय संबंध? आक्षेप वजनदार होता. पण 1980 साली इयान हार्ट आणि आयझाया फिडलर यांनी उंदरांच्या मांडीत फुप्फुस, बीजांडकोश आणि मूत्रपिंड यांचे तुकडे रुजवले आणि मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेतल्या रंगपेशींच्या कर्करोगाच्या, पेशी रक्तात सोडल्या. फुप्फुसाच्या आणि बीजांडकोशाच्या तुकड्यांत गाठी आल्या, मूत्रपिंडाच्या तुकड्यांत आल्या नाहीत. रक्त तेच होते आणि मांडीही तीच. युइंग यांचे म्हणणे खोटे ठरले नाही, अपुरे ठरले.

त्वचेतली जमीन म्हणजे मुख्यतः कोलॅजन आणि ते विणणारे फायब्रोब्लास्ट. अशानी वीररत्न यांच्या गटाने 2016 साली दाखवले, की वयस्क त्वचेतले फायब्रोब्लास्ट एक विशिष्ट प्रथिन जास्त सोडतात आणि त्यामुळे मेलानोमाच्या पेशी अधिक आक्रमक होतात, औषधालाही कमी दाद देतात. प्रतिकारपेशींचा पुरावा तर अंगावर काटा आणणारा आहे. मेलानोमाची शस्त्रक्रिया होऊन 16 वर्षे उलटलेल्या, बरी झाली असे मानलेल्या एका व्यक्तीची मूत्रपिंडे मरणोत्तर दोघांना बसवण्यात आली. दोघांनाही मेलानोमा झाला. ग्लासगोच्या डॉक्टरांनी 2003 साली ही हकिकत छापली. पेशी दात्याच्या शरीरात होत्याच. तिथे त्या दबून होत्या, आणि प्रतिकारशक्ती औषधांनी उतरवलेल्या शरीरात त्यांना मोकळे रान मिळाले.

पण प्रतिकारपेशी म्हणजे सरसकट राखणदार, असे मी म्हणत नाही. उन्हाने भाजलेल्या त्वचेत धावून आलेल्या न्यूट्रोफिल पेशी मेलानोमाला रक्तवाहिन्यांच्या कडेने सरकायला मदत करतात, हे 2014 साली उंदरांत दिसले आहे. तेव्हा तिथे कोणत्या पेशी आहेत आणि काय करताहेत, हेच विचारायला हवे. जनुकवाद्यांचा आक्षेपही ऐकण्याजोगा आहे: मेलानोमातला बीरॅफ जनुकाचा बिघाड 2002 साली सापडला आणि त्यावरचे औषध 2011 साली आले, मग जमिनीची उठाठेव कशाला? त्या औषधाने गाठी झपाट्याने विरतात, हे खरे. पण बहुतेकांत त्या काही महिन्यांतच उलटतात. उलट टी-पेशी या प्रतिकारपेशींवरचा लगाम सैल करणाऱ्या औषधांनी काही रुग्ण वर्षानुवर्षे टिकले, आणि 2018 चे नोबेल त्याच कामासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना मिळाले.

हा विषय परदेशी आहे, असे कोणी म्हणू नये. मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या वसंत रामजी खानोलकरांनी 1945 सालीच धोतरामुळे होणाऱ्या कमरेच्या कर्करोगाचे वर्णन केले. साडी नेसणाऱ्या बायकांतही तेच घडते: परकराची नाडी वर्षानुवर्षे त्याच जागी आवळली, की आधी कातडी काळी पडते, मग जाड होते, चिरते, आणि न भरणाऱ्या जखमेत एखादीला कर्करोग होतो. इथे बिघाड आधी जमिनीत होतो.

तालुक्याच्या गावी महागड्या तपासण्या कुठून आणायच्या, हा शेवटचा आक्षेप. त्या मी मागतच नाही. बायॉप्सीत गाठीच्या कडेची थोडी त्वचाही येऊ द्या. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात आपण गाठीची जाडी मिलिमीटरमध्ये लिहितो. त्याखालीच एक ओळ लिहा, की लसीकापेशी, म्हणजे तिथल्या प्रतिकारपेशी, गाठीत शिरल्या आहेत, काठावर थांबल्या आहेत की दिसतच नाहीत. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगाच्या काचेवर हे दिसते, त्यासाठी नवा पैसा लागत नाही.