जगाची नजर आणि गावची नोंद



माणसांचा व्यापार थांबविण्यासाठी आपला देश काय करतो, यावर बाहेरचे जग नजर ठेवून असते. राजूरसारख्या कोळशाच्या खाणींच्या गावी हा विषय कशाला, असे आपणांस वाटेल. आमच्या मते त्याचा आपल्याशी फार जवळचा संबंध आहे.

ही नजर आजची नव्हे. राष्ट्रसंघाने १९२१ साली स्त्रिया व मुले यांच्या व्यापाराविरुद्ध करार घडवून आणला. पुढे १९३० ते १९३२ या काळात त्याचे चौकशी मंडळ पूर्वेकडील देशांतून हिंडले, हिंदुस्थानातही आले. परंतु एका देशातून दुसऱ्या देशात होणारी ने-आण, एवढाच त्याचा विषय होता. वऱ्हाडातली एखादी मुलगी मुंबईस नेऊन विकली, तर तिने सरहद्द ओलांडलेली नसल्यामुळे ती त्या चौकशीत बसतच नव्हती.

स्वतंत्र भारताच्या घटनेने २३ व्या कलमात माणसांचा व्यापार आणि वेठबिगार ही दोन्ही निषिद्ध ठरविली. संयुक्त राष्ट्रांच्या करारावर आपण १९५० साली सही केली, आणि त्यास अनुसरून १९५६ चा कायदा झाला. त्यानंतर २००० साली पालेर्मोच्या नावाने ओळखले जाणारे करारपत्र आले; त्यास भारताने २०११ साली मान्यता दिली. फसवून वा धाक दाखवून माणसास नेणे आणि त्याची पिळवणूक करणे, हा त्यातील व्यापाराचा अर्थ आहे. त्यात सक्तीची मजुरीही येते. माणूस १८ वर्षांखालील असेल, तर फसवणूक झाली की नाही हेही विचारावयाचे नाही.

अमेरिकेचे सरकार तर २००१ पासून दरवर्षी देशांची प्रतवारी लावते. २००४ ते २०१० ही वर्षे भारत दुसऱ्या श्रेणीच्या ‘देखरेख यादी’त होता, २०११ साली त्यातून वर आला. यावर आपल्याकडे राग व्यक्त होतो. आमचा न्याय करणारे हे कोण? प्रश्न अगदीच गैर नाही. त्या सरकारने स्वतःला त्या प्रतवारीत बसविले ते २०१० साली. परीक्षकाने आपलीही उत्तरपत्रिका तपासावी, हे योग्यच.

पण या रागाचे मूळ पाहू गेल्यास ते अब्रूत सापडते. आणि हीच अब्रू आपल्या घराघरांतही बसलेली आहे. मुलगी नाहीशी झाली, तर बाप आधी चार नातेवाइकांकडे जातो, मग देवाला कौल लावतो, आणि पोलीस ठाण्यात अगदी शेवटी. लोक काय म्हणतील! नेणाऱ्या दलालास तेवढे दिवस पुरेसे असतात. शेजारच्या झरी-जामणीतील कोलाम कुमारी मातांचा प्रश्न वर्तमानपत्रांतून गाजला. त्यातील प्रत्येक प्रसंग व्यापाराचा होता, असे आम्ही म्हणत नाही. पण लग्नाच्या भुलीने गरिबाची लेक फसते आणि गाव गप्प बसते, एवढे त्यातून दिसले.

आता बाहेरचा निरीक्षक पाहतो तरी काय? किती गुन्हे नोंदले, किती खटले चालले, किती जणांस शिक्षा झाली, किती जणांची सुटका झाली. हे आकडे काही आकाशातून पडत नाहीत. त्यांचा उगम ठाण्यातल्या पहिल्या नोंदीत आहे. जी नोंद झालीच नाही, ती कोणत्याही अहवालात येणार नाही. मग देशाची श्रेणी वर गेली काय आणि खाली आली काय, त्या मुलीस तिचा काय उपयोग?

हरवलेल्या मुलाची तक्रार आली की गुन्हा नोंदलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली बजावले आहे. तो आपला हक्क आहे. मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी आहे. गावातून कोण गेले, कोणत्या मुकादमाबरोबर गेले, किती उचल घेऊन गेले, आणि दिवाळीला परत आले की नाही, हे ग्रामपंचायतीने एका वहीत लिहून ठेवावे. त्यास फारसा खर्च नाही.

जगाने आपल्याकडे पाहावे की न पाहावे, हा वाद दिल्लीत आणि वॉशिंग्टनात चालू द्यावा. आपल्या गल्लीतली एक जागा रिकामी झाली, तर ती प्रथम आपल्या डोळ्यांना दिसली पाहिजे. घरची अब्रू मुलगी लपविल्याने राखली जात नाही. ती शोधून आणल्याने राखली जाते. देशाचेही तसेच आहे.