मोठा टायर घ्यावा की हवा कमी करावी?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



भावाचा विषय झाला, कर्जाचा झाला. आता थोडा वेळ मी रबराविषयी बोलणार आहे. हा विषय या बैठकीचा नाही असे कोणाला वाटेल. पण कर्ज ज्या गोष्टींसाठी निघते त्यांत टायर आहे आणि आपले पीक ज्या जमिनीवर उभे राहते ती जमीन याच टायरखाली दाबली जाते. एकाच वस्तूचा बोजा सातबाऱ्यावरही चढतो आणि जमिनीतही उतरतो. म्हणून तिचा हिशेब मांडला पाहिजे.

गावोगाव प्रश्न येतो, "ट्रॅक्टरला १३.६ चे टायर आहेत. झिजलेत. आता १४.९ चे टाकू का?" दुकानदार "टाका" म्हणणार. तो त्याचा धंदा आहे. उत्तर आपण आपल्या हिशेबाने काढायचे.

आधी आकडा समजून घेऊ. १३.६-२८ म्हणजे टायरची रुंदी १३.६ इंच आणि तो २८ इंचाच्या रिमवर बसतो. १४.९-२८ त्याच उंचीच्या रिमचा, पण अंगाने रुंद आणि उभा मोठा. पहिल्याची एकूण उंची सुमारे १३१० मिलिमीटर, दुसऱ्याची सुमारे १३६५. म्हणजे दोन इंच जास्त, शेकड्याला सुमारे ४ ने मोठा. चाक ४ टक्के मोठे झाले की त्याच गिअरला, त्याच इंजिनच्या फेऱ्यांना ट्रॅक्टर ४ टक्के जास्त धावतो आणि चाकाच्या कडेला मिळणारा जोर तेवढाच कमी होतो. इंजिन तेच आहे, ताकद कोठून वाढणार? मोठ्या टायरने इंजिनची ताकद वाढते हा समज आधी डोक्यातून काढा.

मग लोक मोठा टायर घेतात कशासाठी? कारणे तीन. शेतात रुतू नये, चाक घसरू नये आणि रुबाब दिसावा. रुबाबाचा हिशेब ज्याचा त्याने करावा, फक्त कर्ज काढून करू नये. पहिली दोन कारणे खरी आहेत. ती तपासू.

रुतण्याचे गणित सोपे आहे. समजा, मागच्या एका चाकावर ८०० किलो वजन आहे आणि टायरमध्ये २८ पौंड हवा आहे. २८ पौंड म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण २ किलो. ८०० किलो पेलायला टायर जमिनीवर साधारण ४०० चौरस सेंटिमीटर टेकेल. हवा १४ पौंड केली, तर तोच टायर तेच वजन पेलायला ८०० चौरस सेंटिमीटर टेकेल. टायरच्या अंगच्या कडकपणाने थोडा फरक पडतो, पण मातीच्या वरच्या थरावर दाब साधारण हवेइतकाच पडतो. म्हणजे १४.९ चा टायर घेतला आणि त्यात पूर्वीइतकीच हवा ठासली, तर पैसे गेले आणि मातीला फारसा फरक पडला नाही. मोठ्या टायरचा खरा फायदा एकच. तेच वजन तो कमी हवेत पेलू शकतो. हवा कमी करणार नसाल तर मोठा टायर घेऊ नका.

आता स्वतःला विचारा, आपल्या टायरमध्ये किती हवा आहे? पंक्चरवाल्याने भरली तेवढी. शेतकामासाठी मागच्या टायरला साधारण १२ ते १६ पौंड सांगितलेले असतात. नेमका आकडा आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत आणि टायर कंपनीच्या तक्त्यात वजनानुसार दिलेला असतो. पण ट्रॉलीच्या वाहतुकीसाठी हवा ठासून भरायची आणि त्याच हवेवर पेरणी उरकायची, ही आपली रीत. नवी टायरजोडी घेण्याआधी हवेचे गेज घ्या. टायरच्या किमतीपुढे त्याची किंमत काहीच नाही.

दुसरी बाजूही सांगतो. शेतातल्या कमी हवेवर भरलेली ट्रॉली डांबरी रस्त्याने ओढली तर टायर तापतो, बगला चिरतात. म्हणून शेतकामाच्या दिवसांत हवा कमी आणि वाहतूक सुरू होताना परत भरलेली, असे हंगामाप्रमाणे ठेवावे लागते. तक्त्यातल्या किमान आकड्याच्या खाली मात्र कधी जाऊ नका.

चाक घसरते किती, तेही घरच्या घरी मोजता येते. मागच्या टायरवर खडूने खूण करा. शेतात अवजार उचलून १० फेरे चालवा, अंतर मोजा. समजा ४० मीटर आले. आता अवजार लावून तेच १० फेरे चालवा. ३५ मीटर आले तर घसर साडेबारा टक्के. साध्या दोन चाकी ओढीच्या ट्रॅक्टरला १० ते १५ टक्के घसर ठीक आहे. अंतर ३० मीटरच भरले तर घसर २५ टक्के. म्हणजे चाक चार फेरे फिरते आणि रान तीन फेऱ्यांचेच उरकते. डिझेल चारचे जळते. तेव्हा मोठ्या टायरच्या आधी तीन गोष्टी पाहा. नक्षी झिजली आहे का, हवा जास्त आहे का, अवजार ट्रॅक्टरच्या मानाने मोठे आहे का? नांगरटीपुरते वजन हवे असेल तर टायरमध्ये पाणी भरता येते, चाकाला लोखंडी वजने लावता येतात. पण पेरणीच्या वेळी ते वजन उतरवा. ज्या कामाला लागत नाही ते वजन रानात फिरवू नये.

आता आपल्या पिकांकडे या. ज्वारीच्या दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर असते. १३.६ चा टायर साडेचौतीस सेंटिमीटर रुंद. दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटर उरले. १४.९ चा टायर ३८ सेंटिमीटर. साडेतीन-साडेतीन उरले. हात जरा हलला की ज्वारी चाकाखाली. डवरणी ट्रॅक्टरने करायची असेल तर टायर रुंद नव्हे, अरुंद पाहिजे. छोट्या ट्रॅक्टरचा ८.३ चा टायर २१ सेंटिमीटरचा असतो; दोन्ही बाजूंना बारा-बारा सेंटिमीटर मोकळे राहतात. कपाशी तीन-चार फुटांवर असते, तिथे रुंदीची अडचण कमी. म्हणजे 'मोठा तो चांगला' हा नियम नाही. काम कोणते, पीक कोणते, हे आधी.

चारही चाकांना ओढ असलेला ट्रॅक्टर असेल तर आणखी सावध राहा. त्याच्या पुढच्या आणि मागच्या चाकांचा मेळ कारखान्यात बसवलेला असतो. मागचेच टायर मोठे टाकले तर पुढची आणि मागची चाके एकमेकांशी झगडतात, टायर झिजतात आणि गिअरपेटीवर ताण येतो. बदलायचे तर कंपनीने दिलेल्या जोडीनेच. शिवाय रुंद टायर जुन्या रिमवर बसतो का, तेही तक्त्यात पाहा.

पिकअपचेही असेच. गावातल्या पिकअपला २१५/७५ आर १५ चे टायर असतात, त्यांची उंची सुमारे ७०३ मिलिमीटर. त्याजागी २३५/७५ टाकले तर ती सुमारे ७३४ होते. काटा ६० दाखवील तेव्हा गाडी खरी साडेबासष्टच्या पुढे असेल. ब्रेक मात्र तेच. अमेरिकेत पिकअपची पुढची बाजू उचलून गाडी समपातळीत आणायची आणि मोठे टायर टाकायचे, अशी हौस आहे. इकडेही तरुण पोरांना तिचे आकर्षण आहे. पण रिकाम्या पिकअपची मागची बाजू उंच असते ती चूक म्हणून नव्हे. माल भरला की पाटे दबतात आणि गाडी सपाट होते. पुढची बाजू आधीच उचलली तर माल भरल्यावर किंवा मागे गाडा जोडल्यावर नाक वर जाते, दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात, स्टिअरिंग हलके पडते. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ गाडीतल्या फेरबदलांवर बंधने घालते, आणि अपघातानंतर विम्याचा वाद उभा राहिला तर तो मालकाच्याच अंगावर येतो. ओढायला आणि माल न्यायला गाडी असेल तर कंपनीने मान्य केलेल्या मापाचा, पुरेशा वजनक्षमतेचा आणि चिखलात धरणाऱ्या नक्षीचा टायर घ्या. तेवढे पुरे.

आता मुख्य मुद्दा. आपली काळी जमीन ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. या भेगांनी ती स्वतःला थोडीफार मोकळी करून घेते. पण खोल दबलेला थर लवकर सुटत नाही. वरच्या थराचे दबणे हवेवर अवलंबून असते, खालच्या थराचे मात्र धुरीवरच्या एकूण वजनावर. म्हणून सहा टन भरलेली ट्रॉली ओल्या रानात घातली तर कोणताही टायर जमिनीला वाचवत नाही. त्यात ट्रॉलीच्या चाकांत ट्रॅक्टरच्या कितीतरी पट हवा असते. आपण ट्रॅक्टरच्या टायरची चर्चा करतो आणि खरी कुदळ मागून येते.

खाली थर दबला की कपाशीचे सोटमूळ आडवे वळते. पाऊस मुरत नाही, वाहून जातो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकराला सुमारे चार हजार लिटर पाणी. २५ मिलिमीटर वाहून गेला तर एकरामागे एक लाख लिटर गेले. रब्बी ज्वारी जगते ती जमिनीत साठलेल्या ओलीवर. आपल्याकडे कालवा नाही, विहिरीला पाणी नाही; ही ओल हेच आपले धरण. त्याची भिंत आपणच फोडायची का?

तेव्हा चार गोष्टी करा. वाफसा आल्याशिवाय रानात चाक घालू नका. चार-पाच बोटे खोलची माती हातात घ्या, तळव्यावर वळा. पेन्सिलीसारखी वळी झाली तर थांबा. वळताना भुगा झाली तर चला. शेणखताची ट्रॉली उन्हाळ्यात, रान कोरडे असताना नेऊन टाका. ओल्या दिवसांत ट्रॉली धुऱ्यावर उभी राहील, रानात उतरणार नाही. आणि चाकोरी ठरवा. दबायचे ते बहुतांश पहिल्याच फेऱ्याला दबते. म्हणून दर वेळी नव्या जागेवरून गेलात तर सारे रान दबेल. त्याच चाकोरीतून गेलात तर तेवढ्याच पट्ट्याचे नुकसान. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या काळ्या जमिनीत शेतकऱ्यांनी हीच पद्धत बसवली आहे. हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेने काळ्या जमिनीसाठी बसवलेल्या रुंद वरंबा आणि सरीच्या पद्धतीतही चाक आणि बैल सरीतून चालतात, पीक वरंब्यावर राहते. एरवी आम्ही तुम्हाला चाकोरी सोडा म्हणून सांगतो. चाकाच्या बाबतीत मात्र चाकोरी सोडू नका.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः पाहा. पावसाळ्यानंतर ओल असताना ट्रॅक्टर वळतो त्या टोकाला एक आणि मधल्या रानात एक, असे दोन फूट खोल दोन खड्डे खणा. दोन्हींच्या बाजूंत सळई खुपसा. कुठे जोर लागतो, मुळे कुठे आडवी गेलीत, ते बघा. पुढच्या बैठकीला येताना हे पाहून या आणि आपल्या टायरमध्ये किती हवा निघाली तो आकडा घेऊन या. मग मोठ्या टायरची गरज कोणाला आहे ते आपण मिळून ठरवू. माझा अंदाज असा की बऱ्याच जणांचे टायरचे पैसे वाचतील. ते बियाण्याला लागतील, पोरीच्या शिक्षणाला लागतील.