उणे तेहतीस अंशांतली हजेरी

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला ‘सॉफ्टवेअर क्षेत्रातले अनुभव’ असा विषय दिला होता. पण मागून सुरमईच्या कढीचा वास यायला लागला आहे, आणि अशा वेळी सॉफ्टवेअर कोणी ऐकणार नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून मी थंडीबद्दल बोलते. खरं तर एका हॉटेलच्या खोलीबद्दल आणि एका केळ्याबद्दल.

आधी बाईंची एक आठवण. भूगोलाच्या बाई समोरच बसल्या आहेत. आठवीत असताना एप्रिलच्या भर दुपारी त्यांनी आम्हाला चिवल्याच्या वेळेवर नेलं, चपला काढायला लावल्या आणि कोरड्या वाळूत उभं केलं. आम्ही नाचायला लागलो. मग म्हणाल्या, ‘आता पाण्यात जा.’ पाणी गार. ‘वाळू लवकर तापते, लवकर निवते. पाणी सावकाश तापतं, सावकाश निवतं. म्हणून समुद्राजवळ सम हवामान, आणि समुद्रापासून लांब विषम हवामान.’ हे उत्तर मी परीक्षेत लिहिलं, पैकीच्या पैकी गुण घेतले आणि विसरून गेले. बाई, त्या उत्तराचा खरा अर्थ मला कळायला पंचवीस वर्षं लागली.

नोव्हेंबर २०१८मध्ये कंपनीने मला अमेरिकेत मिनियापोलिसला पाठवलं. सांगताना सहा आठवडे सांगितलं होतं. काम लांबत गेलं आणि मी मार्चअखेर परतले. म्हणजे साडेचार महिने एकाच हॉटेलच्या एकाच खोलीत. मुलगी तेव्हा चौथीत होती, पुण्यात तिच्या बाबांजवळ आणि आजीजवळ. आई इथे मालवणात, एकटी.

मालवण सोळा अक्षांशावर, मिनियापोलिस पंचेचाळीसवर, आणि तिथून समुद्र कुठल्याही दिशेला शेकडो मैल लांब. मालवणात पारा अठरावर आला की आपण कानाला मफलर गुंडाळतो. तिथे डिसेंबरात सूर्य पावणेआठला उगवतो आणि साडेचारला मावळतो. मधल्या वेळात ऊन लख्ख पडतं, पण त्यात ऊब नसते. चित्रातल्या चुलीसारखं.

पहिल्याच आठवड्यात मी आईला फोनवर रडगाणं गायले. ती शांतपणे म्हणाली, ‘अगो, घाबरतंस कित्याक? पावसाळो समज. बेगमी कर आणि रव गप.’

मला हसू आलं, पण दुसऱ्या दिवशी विचार केला की ही म्हणते ते खरंच आहे. आपल्याकडे मे महिन्यात काय असतं? होड्या वर ओढून झापांनी शाकारायच्या, लाकडं कोरडी करून रचायची, सुकी मासळी, सोलं, पापड भरून ठेवायचे. पुढचे महिने बाहेर जायचं नाही हे गृहीत धरून घर लावायचं. त्या गावातलीही माणसं तेच करत होती. मीच तेवढी पाहुण्यासारखी उघड्यावर उभी होते.

मग मी बेगमी केली. कोणाची मुलं तिकडे निघाली असतील तर उपयोगी पडेल, म्हणून जरा तपशिलात सांगते.

पहिली गोष्ट, प्रत्येक डॉलरचे रुपये करणं सोडा. ‘बुटांना एवढे हजार?’ म्हणत मी पुण्याहून आणलेल्या बुटांवर तीन आठवडे काढले आणि एका सकाळी न दिसणाऱ्या बर्फावरून पार्किंगमध्ये सपशेल आडवी झाले. त्याच दिवशी बूट घेतले. चालण्याची पद्धत मात्र विकत घ्यावी लागली नाही. जुलै महिन्यात शेवाळलेल्या जांभ्याच्या पायऱ्या आपण कशा उतरतो? पाऊल सपाट, छोटं, अंगाचा भार पुढच्या पायावर, आणि खिशात हात नाहीत. बर्फावर तेच.

दुसरी गोष्ट, एका जाड कोटाने भागत नाही. आत अंगासरशी घट्ट बसणारं, पण सुती नको, कारण सुती कापड घाम धरून ठेवतं आणि मग तेच गारठवतं. त्यावर लोकर, त्यावर वारा अडवणारं. ऊब कापडात नसते, थरांच्या मध्ये अडकलेल्या हवेत असते.

तिसरी गोष्ट कोरडेपणा. याचं कोणी आधी सांगितलं नव्हतं. थंड हवेत बाष्प मुळातच थोडं, आणि तीच हवा आत घेऊन तापवली की ती आणखी कोरडी होते. ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, दाराच्या मुठीला हात लावला की झटका बसतो. मी रात्री न्हाणीतला मोठा टॉवेल ओला करून खुर्चीवर पसरून ठेवायचे. सकाळी तो पापडासारखा वाळलेला असायचा. आईने दिलेलं खोबरेल तेल चोवीस अंशांच्या खाली गोठतं, म्हणून ते त्या गरम खोलीतही दगडासारखं असायचं. रोज बाटली गरम पाण्यात उभी करणं हा माझा सकाळचा पहिला विधी झाला.

चौथी गोष्ट स्वयंपाक. खोलीत दोन शेगड्यांचा विजेवरचा ओटा होता. खिडकी मात्र उघडत नव्हती. पहिल्याच रविवारी मी आमटीला मोहरी-हिंग-सुक्या मिरचीची फोडणी दिली आणि छताला लावलेला धुराचा भोंगा बोंबलायला लागला. रिसेप्शनवरचा मुलगा धावत आला, आम्ही दोघं शिंकत उभे. त्यानंतर मी मंद आचेवर झाकण ठेवून फोडणी करायला शिकले. डब्यातलं नारळाचं दूध आणि घरचं आगळ यांची सोलकढी मात्र फक्कड व्हायची, तिला भोंग्याची भीती नव्हती.

पाचवी गोष्ट उजेड. त्या शहराच्या मध्यभागात इमारतींना जोडणारे दुसऱ्या मजल्यावरचे बंद काचेचे पूल आहेत. १९६२ साली पहिला बांधला. आता त्यांचं सुमारे पंधरा किलोमीटरचं जाळं आहे. मी रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यातून अर्धा तास चालायचे, उन्हाच्या बाजूने. नाहीतर अंधारात जायचं आणि अंधारात यायचं. तसे पंधरा दिवस गेले की माणूस विनाकारण रडायला लागतो. हे मी माझ्यावरून सांगते.

एवढी बेगमी केली आणि मला वाटलं, झालं, जिंकलं.

मग जानेवारीचा शेवटचा आठवडा आला. ध्रुवावरची थंड हवा खाली सरकली. बुधवारी, ३० जानेवारी २०१९ रोजी, मिनियापोलिसचं तापमान उणे तेहतीस अंश सेल्सिअस झालं. वाऱ्यामुळे अंगाला लागणारी थंडी उणे पंचेचाळीसच्याही खाली. शाळा बंद. टपाल खात्याने त्या दिवशी मिनेसोटात टपाल वाटलं नाही. आमच्या ऑफिसनेही कळवलं, घरूनच काम करा.

मला मंगळवारी रात्री ताप भरला. बुधवारी उठवेना. मी लॅपटॉप उघडून ‘ऑनलाइन’चा हिरवा ठिपका तेवढा लावला आणि पुन्हा पडले. दारावर ‘त्रास देऊ नये’ची पाटी होतीच. नवऱ्याला निरोप टाकला, ‘कामात आहे, उद्या बोलते’. मुलीच्या निरोपाला अंगठा दाखवला. आईला ‘बरी आहे’. गुरुवारीही तेच. इंजिनिअरिंगला कोल्हापूरला असताना आम्ही मैत्रिणींची प्रॉक्सी लावायचो. त्या दोन दिवसांत मी स्वतःचीच प्रॉक्सी लावत होते. सगळीकडे हजर, आणि माणूस कुठेच नाही.

यात दोष कुणाचाच नव्हता. ऑफिसला वाटलं मी खोलीवर काम करते आहे. हॉटेलला वाटलं मी ऑफिसच्या कामात आहे. घरच्यांना वाटलं तिकडे रात्र असेल. साडेअकरा तासांच्या फरकात कुठलीही शंका सहज बुडून जाते.

त्या हॉटेलात सकाळच्या नाश्त्याची व्यवस्था बघणारी एक बाई होती. वयाने माझ्याएवढीच, सोमालियाची. त्या शहरात सोमाली लोक पुष्कळ आहेत. तिचं गाव मोगादिशू, समुद्राकाठचं. पहिल्याच महिन्यात आमची नारळावरून गट्टी जमली. आपला नैर्ऋत्य मोसमी वारा सोमालियाच्या किनाऱ्यालगतून वळून मग कोकणावर येतो, हे बाईंनी शिकवलेलं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, ‘म्हणजे आमच्याकडे आधी येतो तर!’ मी रोज तिच्याकडे एक केळं मागायचे. मंगळवारी केळी लवकर संपणार म्हणून तिने माझ्यासाठी एक बाजूला काढून ठेवलं होतं. बुधवार-गुरुवार तिला कामावर येता आलं नाही. शुक्रवारी ती आली, तर ते केळं काळं पडून तिथेच होतं.

तिने रिसेप्शनला विचारलं. ते म्हणाले, पाटी लावलेली आहे, आपण दार ठोठावू शकत नाही. ती म्हणाली, ‘ती पाटी खोटी आहे. ती बाई केळं सोडत नाही.’ आणि मॅनेजरला किल्ली घेऊन वर आणलं.

फ्लू होता, आणि अंगातलं पाणी पार कमी झालं होतं. दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टरांनी विचारलं, किती दिवसांपासून? मला वार सांगता आला नाही. ती बाई तिची पाळी संपवून संध्याकाळी पुन्हा आली, आल्याचा चहा आणि त्यांचा सांबुसा, म्हणजे आपला समोसाच, घेऊन. रागावून म्हणाली, ‘मी शुक्रवारीही आले नसते तर?’ त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आजही नाही.

त्या रात्री मला माझ्या काकांची आठवण झाली. काका गिरणीत होते. लालबागला गावकऱ्यांच्या खोलीत राहायचे, एका खोलीत वीस-पंचवीस जण, पाळीपाळीने झोपायचं, जेवण खाणावळीत. १९८२च्या संपानंतर ते गावी आले ते कायमचे. लहानपणी त्यांच्या त्या खोलीचं वर्णन ऐकून मला वाटायचं, किती हाल! आणि मला तर सबंध खोली, दोन पलंग, स्वतःची न्हाणी. सुरुवातीला मला ती शांतता आवडलीही होती, खोटं कशाला बोलू? पण काकांच्या खोलीत कोणी तीन दिवस पडून राहिलाय आणि कुणाला पत्ता नाही, हे शक्यच नव्हतं. त्याची झोपायची जागा दुसऱ्याला हवी असायची.

आईने सांगितलेल्या बेगमीतला एवढाच भाग मी विसरले होते. पावसाळ्यात नुसत्या लाकडांवर आणि सुक्या मासळीवर आपले दिवस जात नाहीत. पागोळ्यांखाली उभी राहून शेजारीण हाक मारते, ‘काय गो, काल खय होतंस? दिसाक नाय!’ तरुणपणी या प्रश्नाचा मला भयंकर वैताग होता. गाव सोडण्याचं एक कारण तो प्रश्न होता, म्हटलं तरी चालेल.

उरलेले दोन महिने मी हजेरीची व्यवस्था केली. तिथे सकाळचे साडेसात म्हणजे पुण्यात संध्याकाळचे सात. त्या वेळी मुलगी व्हिडिओवर यायची आणि पुकारायची, ‘नंबर एकतीस!’ आपल्या पटावरचा माझा नंबर. मी ‘हजर!’ म्हणायचे. अंगठा चालणार नाही, तोंड दिसलं पाहिजे, हा तिचा नियम. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला सांगून ठेवलं, नऊपर्यंत माझा आवाज ऐकू आला नाही तर फोन कर. रविवारी मेपल ग्रोव्हच्या हिंदू मंदिरात जायला लागले. देवासाठी थोडी, माणसांसाठी जास्त. आणि केळं चालू ठेवलं. पुढच्या फेब्रुवारीत तिथे जवळजवळ मीटरभर बर्फ पडला, त्या शहरातला फेब्रुवारीचा विक्रम. पण तो महिना मला जड गेला नाही.

हे सगळं इथे का सांगते? आपल्यातले किती तरी जण बाहेर आहेत. कुणी बोटीवर, कुणी आखातात, कुणी पुण्या-मुंबईत भाड्याच्या खोलीत. आपल्या ग्रुपवर रोज सकाळी चाळीस फुलांची चित्रं येतात. फूल आलं म्हणजे माणूस ठीक आहे असं नाही, हे मी अंगठे दाखवून शिकले आहे. आठवड्यातून एकदा एकाने एकाला खरा फोन करावा, एवढंच माझं मागणं आहे. यादी मी करून आणली आहे, जेवणानंतर देते.

आणि उलट बाजूही आहे. आपण बाहेर गेलो, इथल्या घरांत आईवडील एकटे राहिले. माझी आई मला रोज ‘बरां आसा’ म्हणते. मी जशी म्हणायचे तशीच. हे लक्षात आल्यावर मी आपल्या वर्गातल्या एका मित्राला, ज्याचं दुकान आमच्या घराच्या वाटेवर आहे, सगळं सांगितलं. तेव्हापासून तो दुकान उघडायच्या आधी आमच्या खळ्यात डोकावून जातो. गेल्या वर्षी आई न्हाणीत पडली, तेव्हा तिला सापडायला अर्धा तासही लागला नाही. त्याने नाव घेऊ नकोस म्हणून बजावलंय. तो मागच्या रांगेत मान खाली घालून बसला आहे.

बाई, शेवटी एक विनंती. आमच्या वर्गाची हजेरी तुम्ही आज पुन्हा एकदा घ्या. पट ऑफिसातून आणून ठेवला आहे. ज्या दोन नावांना उत्तर येणार नाही, त्यांच्यासाठी आम्ही सगळे उभे राहू.