उघडं राहिलेलं दार

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात ‘माझ्या आयुष्यातलं पुस्तक’ या विषयावर केलेलं भाषण)



मी निवडलेलं पुस्तक इंग्लंडमध्ये १८६१ साली, व्हिक्टोरिया राणीच्या काळात प्रसिद्ध झालं. नाव ‘सायलस मार्नर’, लेखिका जॉर्ज एलियट. नाव पुरुषाचं, पण या मूळच्या मेरी अ‍ॅन इव्हान्स. तुमच्यापैकी अनेकांनी ही गोष्ट लहानपणी वाचली असेल, आणि ती परदेशी आहे याचा पत्ताही लागला नसेल. कारण साने गुरुजींनी ती ‘मनूबाबा’ या नावानं मराठीत आणली. मीसुद्धा आधी मनूबाबा वाचला. मूळ कादंबरी हाती आली ती लग्नानंतर.

गोष्ट थोडक्यात सांगते. सायलस हा एक गरीब विणकर. त्याच्यावर चोरीचा खोटा आळ येतो. रचणारा त्याचा जिवलग मित्रच. त्यांच्या पंथातले लोक देवासमोर चिठ्ठ्या टाकतात. आपल्याकडे कौल लावतात ना, तसंच म्हणा. कौल याच्या विरुद्ध जातो. ठरलेलं लग्न मोडतं, आणि ती मुलगी त्याच मित्राशी लग्न करते. सायलसचा माणसांवरचा आणि देवावरचाही विश्वास उडतो. तो लांबच्या एका खेड्यात जाऊन राहतो. पंधरा वर्षं कोणाकडे जाणं नाही, येणं नाही. दिवसभर माग, आणि रात्री साठवलेल्या सोन्याच्या मोहरा मोजायच्या. एके दिवशी त्याही चोरीला जातात.

मग वर्षाअखेरच्या रात्री, बर्फ पडत असताना, त्याचं दार उघडं राहतं. बाहेर एक बाई बर्फात मरून पडलेली असते. तिची लहानगी मुलगी उजेड बघून आत येते आणि शेकोटीपाशी झोपते. सायलसची नजर अधू. मुलीचे सोनेरी केस पाहून त्याला वाटतं, आपलं सोनं परत आलं. हात लावतो तर मऊ केस! तो त्या मुलीला वाढवतो. तिचं नाव एपी.

आता माझ्याकडे येते. आमची मुलगी आमच्या पोटची नाही, हे जुन्या सभासदांना माहीत आहे. नव्यांसाठी सांगते, आणि हे बोलायला तिनंच परवानगी दिली आहे. आठ महिन्यांची असताना आम्ही तिला दत्तक घेतलं. आज ती अठरा पूर्ण आहे. त्या वेळी नात्यातलं एक माणूस म्हणालं होतं, “परक्याचं रक्त ते, किती केलं तरी परकंच.” हा शब्द मनात फार दिवस सलत राहिला.

पण याच इमारतीतल्या बायका दुसऱ्या दिवशी दारात आल्या. कुणी नातवाची धुतलेली दुपटी आणली, कुणी बाळाला तेल कसं लावायचं ते दाखवलं. एका आजींनी तर महिनाभर रोज येऊन आंघोळ घातली. कादंबरीत डॉली नावाची एक शेजारीण आहे. अक्षरओळख नसलेली, पण मनानं मोठी. तीही आपल्या मुलाचे जुने कपडे घेऊन अशीच सायलसकडे येते. मूल सांभाळता सांभाळता तो विणकर गावाचा होतो. मला वाटतं, आम्हीही या सोसायटीचे तेव्हाच झालो. त्याआधी आम्ही फक्त सदनिकाधारक होतो.

मुलगी आठवीत असताना तिनं एका रात्री विचारलं, “माझे खरे आईबाबा आले, तर तू मला देशील?” मला उत्तर सुचेना. त्या सुट्टीत आम्ही दोघींनी हे पुस्तक रोज थोडं थोडं मोठ्यानं वाचलं. सोळा वर्षांनी एपीचा जन्मदाता, गावचा श्रीमंत जमीनदार, तिला न्यायला येतो. सायलस तिला अडवत नाही, निर्णय तिच्यावर सोपवतो. आणि एपी आपल्या विणकर बापापाशीच राहते. हे वाचताना माझा आवाज थरथरत होता. मुलगी म्हणाली, “आई, तू रडू नकोस, मी कुठे जातेय?”

पण तिला सगळ्यात आवडली ती वेगळीच गोष्ट. एपीची आई ज्या काटेरी झुडपापाशी सापडली, ते झुडूप एपीला आपल्या बागेत हवं असतं. आईची आठवण म्हणून. सायलसला त्याचं वाईट वाटत नाही. आपल्या पाण्याच्या टाकीजवळचा प्राजक्त कोणी लावला, असं बरेचजण विचारतात. तो माझ्या मुलीनं, न पाहिलेल्या आईसाठी लावलाय. खड्डा मी खणला.

शेवटी एक गोष्ट, मुळशीकरांना लगेच कळेल अशी. म्हातारपणी सायलस आपलं जुनं गाव बघायला जातो. खरा चोर सापडला का, हे त्याला विचारायचं असतं. तिथे त्याची वस्ती उरलेलीच नसते, एक कारखाना उभा असतो. माले गावाला हे दुःख नवं नाही. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथले शेतकरी जमिनीसाठी लढले, तरी धरण झालं आणि गावं पाण्याखाली गेली. त्या घरांमधल्या कितीतरी प्रश्नांची उत्तरंही पाण्यातच राहिली असतील.

सायलसलाही उत्तर मिळत नाही. आपल्यावर अन्याय का झाला, हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. तरी त्याची श्रद्धा परत येते, ती त्या मुलीमुळे. मला देवाबद्दल जे काही समजलंय ते एवढंच. सगळं समजल्यावर विश्वास ठेवायचा असं नसतं. समोर आलेलं लेकरू उचलून घ्यायचं. साने गुरुजींनी १९४७ साली पंढरपूरला विठ्ठलाचं दार सगळ्यांसाठी उघडावं म्हणून उपोषण केलं. त्यांना या उघड्या दाराच्या गोष्टीची ओढ का वाटली असेल, हे मग वेगळं सांगायला नको.

पुढच्या पंचवीस वर्षांत आपल्याकडे नवी कुटुंबं येतील. सेफ्टी डोअर जरूर लावू या. पण नव्या घरात पाळणा हलला, किंवा कोणी एकटं पडलं, तर डॉलीसारखं जुनी दुपटी घेऊन जाऊ या. पुस्तक सोसायटीच्या कपाटात ठेवलं आहे, अवश्य वाचा.