फलकावर कोणाची नावं?



शाळेच्या क्रीडा सन्मानफलकावर कोणाची नावं घ्यायची, यावर आपल्या बॅचमध्ये महिनाभर वाद चाललाय. 'राज्यस्तरावर खेळलेल्यांचीच' हा नियम बहुतेकांना पटतो. मला पटत नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. चाळणी चुकीची लावली की कामाचंच गळून जातं, हे रोज बघते.

खाशाबा जाधवांचं घ्या. १९५२ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७ हजार रुपये दिले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडलं. अर्जुन पुरस्कार १९६१पासून आहे. खाशाबा १९८४ला गेले. त्यांना तो मिळाला २०००चा, मरणोत्तर! आणि त्यांचं पदक तर साऱ्या जगाला दिसत होतं.

मग आपल्या खो-खोच्या मुलींचं काय? टेंभुर्णीहून जाफराबादला जाऊन तालुका जिंकल्या. पुढे जालन्याला पाठवायचं म्हटलं की घरून नकार. त्या राज्यावर कुठून खेळणार? एक जण म्हणाला, अशानं फलक भिंतीवर मावायचा नाही. भिंत मोठी आहे, सकाळीच बघून आले.

तालुक्याला खेळलेला संघ पूर्ण लिहा, आणि त्यांना घेऊन जाणाऱ्या सरांचं नावही. यादी मी करते. मुलींची लग्नाआधीची नावं मला पाठ आहेत.