वाटे कोणी पाडायचे?

(राजापूर येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

पत्रिकेवर विषय ‘नाणेफेक आणि खेळातला न्याय’ असा भारदस्त छापला आहे. माझे म्हणणे त्याहून लहान आहे. नाणेफेक जिंकली म्हणून कोणाच्या पदरात फुकटचे काही पडू नये, एवढेच. न बोलावता, न सांगता येण्याचा मान इथे उन्हाळे गावच्या गंगेचा. (हशा) तिला लहर शोभते, सामन्याच्या निकालाला शोभत नाही. कबड्डीचे नियम राजापूरकरांना शिकवण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. फक्त एका कलमाकडे लक्ष वेधतो. नाणेफेक जिंकणारा बाजू किंवा पहिली चढाई मागतो, पण मध्यंतरानंतर बाजू बदलतात आणि आधी ज्यांना पहिली चढाई मिळाली नव्हती त्यांचा चढाईपटू पहिला निघतो. खो-खोत पाठलाग आधी की संरक्षण आधी, इतकेच ठरते. दोन्ही कामे दोघांनाही करावीच लागतात. आपल्या मातीतल्या खेळांत नाणे क्रम ठरवते, वाटा ठरवत नाही.

क्रिकेटची अडचण अशी की तिथे क्रमच वाटा होऊन बसतो. खेळपट्टी झिजते, संध्याकाळी दव पडते, चेंडू ओला होतो. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर विश्वचषकाची अंतिम लढत होती. भारताचा कर्णधार धोनीने नाणे उडवले, श्रीलंकेचा कर्णधार संगकाराने कौल मागितला, पण गर्दीच्या गदारोळात तो सामनाधिकारी जेफ क्रो यांना ऐकूच गेला नाही. धोनीला वाटले आपण जिंकलो, संगकाराला वाटले आपण. शेवटी नाणे पुन्हा उडवावे लागले. जगातल्या सर्वांत मोठ्या सामन्याचा पहिला निर्णय कानावर अवलंबून! दुसऱ्यांदा संगकारा जिंकला, त्याने फलंदाजी घेतली, जयवर्धनेने नाबाद १०३ धावा केल्या, श्रीलंकेने २७४ उभारल्या, आणि मग गंभीरच्या ९७, धोनीच्या नाबाद ९१… पुढचे तुम्हाला तोंडपाठ आहे, आणि मी विषय सोडून बराच लांब आलो आहे. (हशा) पण इथेच आक्षेप येतो: नाणेफेक हरलेले जिंकले ना? मग तक्रार कसली? जिंकले, कबूल. पायात काटा घेऊनही शर्यत जिंकता येते, म्हणून शर्यतीत काटे पेरावेत असे होत नाही. घरच्या संघाने सोयीची खेळपट्टी करावी आणि वर नाणेही त्याच्याच बाजूने पडावे, याला कंटाळून इंग्लंडच्या काउंटी स्पर्धेत २०१६ पासून पाहुण्या कर्णधाराला नाणेफेकीविनाच क्षेत्ररक्षण घेण्याची मुभा दिली गेली. ती काही वर्षांनी मागेही घेतली. पण दुखणे आहे, एवढे तरी तिथे मान्य झाले.

अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचे नियम सांगत बसलो तर उद्या सकाळ उजाडेल, ते परदेशातल्या नातवंडांना विचारा. मुख्य सामन्यात तिथेही आपल्यासारखेच आहे: सुरुवातीला एकाकडे चेंडू, तर उत्तरार्धात दुसऱ्याला निवड. २००८ पासून नाणेफेक जिंकणाऱ्याला ‘माझी निवड उत्तरार्धासाठी ठेवा’ असेही म्हणता येते. घोळ जादा वेळेत होता. १९७४ पासून साखळी सामन्यांत नियम असा होता, की बरोबरीनंतर जो आधी गुण करील तो जिंकला. म्हणजे नाणे जिंकणाऱ्याने चेंडू घ्यायचा आणि एक चांगली किक साधायची. २०१० नंतर बाद फेरीत पहिल्याच डावात नुसती किक पुरेशी राहिली नाही, टचडाऊन, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेणे, लागले. तरी जानेवारी २०२२ मध्ये कॅन्सस सिटीने नाणे जिंकले, टचडाऊन केले, ४२-३६ असा सामना संपवला, आणि प्रतिस्पर्धी बफेलोच्या जॉश ॲलनच्या हाती जादा वेळेत चेंडू आलाच नाही. त्याच वर्षी बाद फेरीत दोघांनाही संधी देण्याचा नियम झाला. पण दोघांना दिली की दुसऱ्याला नेमके किती गुण हवेत ते आधीच कळते. फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे तिथल्या अंतिम सामन्यात, सॅन फ्रान्सिस्कोने नाणे जिंकून चेंडू आधी घेतला, तीन गुण केले, कॅन्सस सिटीने टचडाऊनने २५-२२ असा निकाल लावला. नवा नियम ठाऊकच नव्हता, असे हरलेल्या संघातले काही खेळाडू नंतर म्हणाले. (हशा)

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटे. तेव्हा थेट मुद्द्यावर. एक आंबा आणि दोन पोरे असली की कोकणातल्या कोणत्याही घरात एकाच्या हाती सुरी देतात आणि पहिली फोड दुसऱ्याला उचलू देतात. कापणारा आपोआप सारखे कापतो. भावकीच्या वाटण्यांत हे का साधत नाही, तो विषय आज नको, पहिल्या रांगेत वकील बसले आहेत. (हशा) २०२१ मध्ये बाल्टिमोर रेव्हन्स संघाने हेच सुचवले होते: जादा वेळेत खेळ कुठून सुरू करायचा ते एकाने सांगावे, आक्रमण की बचाव ते दुसऱ्याने निवडावे. ते मंजूर झाले नाही. प्रेक्षकांना कळणार नाही, असा आक्षेप अशा सूचनेवर हमखास येतो. आंबा वाटून घेणाऱ्याला कळते ते स्टेडियममध्ये बसणाऱ्याला का कळू नये? दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे, आणि तो आपल्या अंगणातला आहे. कबड्डीत बरोबरी सोडवण्यासाठीच्या पाच-पाच चढायांनंतरही ती कायम राहिली तर सुवर्ण चढाईसाठी पुन्हा नाणेफेक होते, आणि तेव्हा अलीकडची निदानरेषाच बोनस रेषा ठरते, म्हणजे नाणे जिंकून चढाई करणाऱ्याचे पारडे जड. मघाशी मी आपल्या खेळांची एवढी तरफदारी केली ती इथे लंगडी पडते, हे मान्य. मग तिथेही आंबाच कापावा. त्या एका चढाईपुरती रेषा मध्यरेषेपासून किती दूर असावी ते एका कर्णधाराने सांगावे, चढाई की पकड ते दुसऱ्याने. रेषा आखायला पंचांना मिनिटभर जास्त लागेल, आणि कौल ऐकू आला नाही म्हणून ती दुसऱ्यांदा आखावी लागणार नाही.